आपली ओळख आहे

नाशिकरोडला आमच्या भागात कुणाची सायकल, सिलिंडर, मोबाइल किंवा नुसती चप्पल जरी गेली, तरी माणूस पोलीस ठाण्याच्या आधी नानांकडे जातो. ठाण्यात ‘बिल आहे का?’ इथून सुरुवात होते. नाना बिल मागत नाहीत. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि एकच विचारतात, “किती वाजता?” वेळ सांगितली की डोळे मिटून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतात. “अडीच ते चार. म्हणजे पंचवटीची पोरं नव्हेत, त्यांची वेळ पहाटेची. ही आपल्याच लाइनीतली मंडळी.” मग उगाचच दाराकडे एक नजर टाकून, आवाज उतरवून, “बघतो. संध्याकाळपर्यंत निरोप येईल. आपली ओळख आहे.”

ओळख नेमकी कुणाशी, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. असलं विचारायचं नसतं. विचारलं की ओळखीची चौकशी होते.

तसा हा माणूस एकटादुकटा नाही. आरक्षणाच्या खिडकीत ओळख असलेला, मंत्रालयात ओळख असलेला, शिर्डीला रांगेशिवाय दर्शन घडवणारा, असे सगळे आपल्याकडे गल्लोगल्ली असतात आणि लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवतात. नाना त्याच कुळातले. त्यांनी फक्त खातं निराळं घेतलं. बाकीच्यांचा वशिला सरकारदरबारी, नानांचा चोरांत.

‘उगाच कुणी चोरी करत नाही,’ हे नानांचं पहिलं सूत्र. त्यांच्या हिशोबानं शहराची वाटणी कधीच झालेली आहे. सीबीएसवरचे खिसे एका मंडळींचे, शालिमारचे दुसऱ्यांचे. द्वारकेपासून पुढे हायवेवर ट्रकचं खातं लागतं, त्यात शहरातल्यांनी तोंड घालायचं नाही. सिडकोतल्या दुचाक्या एकाच घराण्याकडे आहेत, आणि गंगापूररोडच्या सोनसाखळ्या ‘बाहेरून येणाऱ्या, पण विचारून येणाऱ्या’ पोरांकडे. ‘चोर’ हा शब्द नाना तोंडातून काढत नाहीत. मंडळी, पोरं, माणसं. फार झालं तर ‘लाइनीतला’. या सगळ्यांच्या डोक्यावर एक ‘वरचा’ आहे. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण त्याची शिस्त कडक. बाळंतिणीच्या घरात शिरायचं नाही. शाळेच्या दप्तराला हात लावायचा नाही. देवघरातलं काही उचलायचं नाही. आमच्या इमारतीतून एकदा देवघरातली चांदीची समई गेली, तेव्हा मी नानांना या शेवटच्या नियमाची आठवण करून दिली. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “समई देवात धरत नाहीत. लाइटिंगमध्ये धरतात.”

नानांची उभी नोकरी नोटांच्या छापखान्यात गेली. १९२८ पासून नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. त्याच टापूत मध्यवर्ती कारागृह आहे आणि नाना राहतात तो रस्ता जेलरोड. पत्ता सांगताना ते नुसतं “जेलरोड” एवढंच म्हणून थांबतात आणि समोरच्याचा चेहरा बघतात. समोरचा नाशिकचा नसला तर फारच छान.

छापखान्यात कागदन् कागद मोजलेला. आत जाताना मोजून, छापून झाल्यावर मोजून, आणि सुटीच्या वेळी गेटवर माणसाची झडती. डबा उघडा. झाकण उलटं करा. रुमाल झटका. नोकरी आहे म्हटल्यावर हे ओघानंच आलं, त्यात कुणी कमीपणा मानत नाही. नानाही मानत नसत. पण ज्याच्या रिकाम्या डब्यात सरकार रोज संध्याकाळी वाकून बघतं, त्याच्या मनात कुठेतरी येतंच की आपण इतके संशय घेण्याजोगे आहोत तर मग आपल्या हातून आजवर काही झालं कसं नाही? निवृत्त होईपर्यंत नानांनी संशय पुरेपूर भोगला, चोरी मात्र एका टाचणीची केली नाही. हा हिशोब त्यांना अजून जुळवता आलेला नाही.

म्हणून तेलगीचं नाव निघालं की त्यांचा आवाज चढतो. बनावट मुद्रांकांचा त्याचा धंदा २००१ साली त्याला अजमेरला अटक झाल्यावर उघड्यावर यायला लागला, आणि नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून भंगारात निघालेली यंत्रं लिलावातून त्याच्यापर्यंत पोचली होती, हे सगळ्या देशाला कळलं. “आम्ही पोळीचा तुकडा हलवून दाखवून बाहेर यायचो,” नाना म्हणतात, “आणि ह्यानं मशीन नेलं. ट्रकात घालून!” या रागात निम्मा भाग निष्ठेचा आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मी काही बोलत नाही. २०२१ साली पाच लाखांच्या नोटा हिशोबाला कमी पडल्याचा बोभाटा झाला तेव्हा नानांनी आठवडाभर दाढी केली नाही. रोज पेपर आणि रोज नवा तर्क. शेवटी तपासात निघालं ते असं, की चोरी झालीच नव्हती, ती बंडलं चुकून बाद नोटांबरोबर नष्ट झाली होती. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

एकदा ज्येष्ठ नागरिक संघाची सहल पांडवलेण्यांवर गेली. पायऱ्या चढून बाकीचे पाणी पीत बसले होते आणि मी दहाव्या लेण्यातला शिलालेख नानांना समजावत होतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात. त्यानं भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली, तीही इथल्या गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दरानं. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि वरखर्च भागवायचा. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट.

“दोन ठिकाणी ठेवले,” नाना खूश झाले. “माणूस शहाणा होता. पतसंस्था कधी बुडेल सांगता येत नाही.”

मग मी आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखाचं सांगितलं. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्या त्या कुंभारांच्या श्रेणीकडे, तेल्यांच्या, आणि पाणी उपसायची यंत्रं करणाऱ्यांच्या. नाना मान डोलवत ऐकत होते. मधेच थांबले.

“कोष्ट्यांची आहे, कुंभारांची आहे, तेल्यांची आहे. मग यांची?”

“कुणाची?”

“मंडळींची.”

मी म्हटलं, तशी काही कुठल्या भिंतीवर दिसत नाही.

“दिसेल कशी? भिंतीवर लिहून ठेवलं तर पुरावा होतो.”

पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी सातवाहनांच्या काळात डोंगराच्या पायथ्याशी चोरांच्या श्रेणीची कचेरी थाटून, तिचा व्याजदर ठरवून, वर भिक्षूंना दर महिन्याला काहीतरी पोचतंही केलं होतं.

आता मी त्यांना वेड्यात काढलं असतं, पण पंचाईत अशी की जुन्या ग्रंथांची साक्ष थोडीफार त्यांच्या बाजूनं पडते. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक चारुदत्ताच्या घरी रात्री भिंत फोडायला उभा राहतो तो एखाद्या पदवीधरासारखा. भगदाड कमळाच्या आकाराचं करावं, सूर्याच्या, चंद्रकोरीच्या, स्वस्तिकाच्या की भरल्या घड्याच्या, यावर त्याचं चिंतन चालतं. भाजलेल्या विटांच्या भिंतीला घडा शोभेल असं ठरतं. मापाची दोरी घरी विसरली म्हणून तो जानव्यानंच माप घेतो. आणि आरंभी वंदन कुणाला, तर कार्तिकेयाला आणि या विद्येतल्या आपल्या आचार्यांना. गुरू आहे, शास्त्र आहे, दैवत आहे. आणखी काय हवं? देवलांनी हे नाटक मराठीत आणलं म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी ते गाण्यांसकट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घराच्या भिंती चाचपल्या नाहीत, याचं मला नवल वाटतं. नानांना मी ही सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते हळहळले. “ह्याला म्हणतात ट्रेनिंग. आता गॅस कटर घेऊन येतात आणि अख्खं एटीएम उपटून नेतात. त्यात आकार कसला आलाय?” तेव्हापासून कार्तिकी पौर्णिमेला ते पंचवटीत कार्तिकस्वामींच्या दर्शनाला जातात. रांगेत उभं राहण्यापूर्वी पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेतात.

चोरीला पत्ता असण्याची सोय आपल्या खेड्यांतही होती. पेशवाईत गावच्या राखणीचं काम कुठे रामोशांकडे, कुठे भिल्लांकडे, कुठे कोळ्यांकडे असे. गावात चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की तो शेजारच्या गावाच्या हवाली करायचा, मग पुढचं त्यांनी बघायचं. ज्या गावात माग संपला त्याच्या गळ्यात चोरी पडायची. माल द्या, नाहीतर भरून द्या. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात या रिवाजाबद्दल लिहिलेलं आहे. “भरपाई!” नाना जवळजवळ ओरडले. “बिल न मागता!”

इथे मात्र मला त्यांना अडवावं लागलं, कारण याची दुसरी बाजू वाईट आहे. हेच राखणदार नव्या राजवटीत निरुपयोगी झाले, त्यांचे हक्क बुडाले, आणि १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी माणूस नव्हे तर जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. जन्मलं मूल की वहीत नाव. रोजची हजेरी. गाव सोडायचं तर परवाना. तो कायदा जायला १९५२ उजाडावं लागलं, आणि लोकांच्या मनातून तो अजूनही गेलेला नाही. नानाही सवयीनं म्हणून गेले, “काही म्हणा, रक्तात असतं एकेकाच्या.” नानी आत भाजी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “तुमची रोज झडती व्हायची, ती कुठल्या रक्तामुळे?”

नाना त्यावर काही बोलले नाहीत. ‘रक्त’ हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून परत ऐकला नाही.

नानांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. दर रविवारी त्याचे चार मित्र नानांच्या हॉलमध्ये जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. हत्यारं कागदावर, मारामाऱ्या तोंडी, आणि नशिबाला वीस बाजूंचा फासा. गोष्ट चालवायला एक मास्तर लागतो. इथे ती मास्तरीण आहे, नातवाच्या वर्गातली, गळ्यात हेडफोन. तिनं एक नदीकाठचं जुनं शहर रचलं होतं: बुरूज, बोळ, भुयारं, सगळं नकाशासकट. त्या शहरात चोरांची श्रेणी, पोरांच्या भाषेत गिल्ड. असल्या गोष्टींत ती असतेच. फ्रिट्झ लायबर नावाच्या लेखकानं १९३९ पासून लांखमार नावाच्या शहराच्या गोष्टी लिहिल्या, त्यात चोरांचं घर, त्यांचा मुखिया, त्यांची उमेदवारी असं सगळं होतं. पुढच्यांनी तिथून उचललं, आणि चोरांच्या बाबतीत उचलेगिरीबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. एका रविवारी एक गडी कमी पडला. नातू म्हणाला, “नाना, तुम्ही बसा. तुम्ही चोर.”

नाना शर्ट बदलून आले.

“तुम्ही गिल्डच्या दारात उभे आहात,” मास्तरीण म्हणाली. “आत सरदार बसलाय. व्यापाऱ्याचं माणिक कुठे ठेवलंय ते फक्त त्याला माहीत आहे. काय करता?”

नातवानं कानात सांगितलं, खंजीर काढा.

“नमस्कार करतो,” नाना म्हणाले.

“बरं. पुढे?”

“विचारतो, मूळ गाव कोणतं?”

“आजोबा, तो एल्फ आहे.”

“म्हणजे?”

“जंगलातला. कान टोकदार. वय सातशे वर्षं.”

“सातशे! मग चार माणसं ओळखीची निघायलाच हवीत. आडनाव काय म्हणालीस?”

तिच्याजवळ पहारेकरी होते, विषाच्या कुप्या होत्या, पायाखाली उघडणारे सापळे होते. आडनाव नव्हतं. ती गोंधळली. नानांनी तोवर सरदाराच्या सासुरवाडीपर्यंत मजल मारली होती. शेवटी तिनं नियमाप्रमाणे फासा टाकायला लावला, आणि पडले वीस. पोरं उठून ओरडली. नानांना त्यात विशेष काही वाटलं नाही. ओळख निघाली की वीस पडतातच. दोन तासांनी खेळ संपला तेव्हा कुणी कुलूप फोडलेलं नव्हतं, कुणी मेलेलं नव्हतं, आणि माणिक संध्याकाळपर्यंत घरपोच होईल असा शब्द सरदारानं दिलेला होता. “माझा योद्धा दोन तास बाहेर नुसता बसून होता,” एक पोरगा कुरकुरला.

“खेळ चांगला आहे,” नाना मला नंतर म्हणाले. “पण पोरांना कामाची पद्धत माहीत नाही. वस्तू मिळवायला स्वतः चोर कशाला व्हायला पाहिजे?”

त्याच दिवशी नातवानं त्यांना टेरी प्रॅचेटच्या अंख-मॉरपॉर्कबद्दल सांगितलं. त्या कादंबऱ्यांतल्या शहरात चोरांची श्रेणी अधिकृत आहे. वर्षाला चोऱ्या किती करायच्या ते ठरलेलं. चोरी झाली की नागरिकाला पावती मिळते. आणि परवान्याविना चोरी करणाऱ्याचा समाचार श्रेणीच घेते. पावती हा शब्द ऐकून नाना उठून बसले. “त्यावर तारीख टाकतात का? टाकत असतील तर त्याच वर्षी दुसरा कुणी आला की दाखवता येईल.” एवढं म्हणून ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. माझ्या मते माणसाला स्वर्गाची कल्पना अशीच कधीतरी अवचित होते.

मला यात नानांची कीव येत नाही, कारण आपण सगळे थोडेफार त्यांच्याच पंथाचे आहोत. भुरटा, एकटा, बिननावाचा, रस्त्यानं जाता जाता गॅलरीत हात घालून गेलेला चोर कुणालाच नको असतो. त्याच्याकडे अर्ज करता येत नाही. त्यापेक्षा टोळी परवडली. टोळी म्हटलं की कुठेतरी एक खोली आली, खोलीत एक खुर्ची आली, आणि खुर्ची आली की तिच्यावरच्या माणसाचा मेव्हणा शोधून काढणं हे तर आपल्याला जन्मतःच येतं. येत्या सिंहस्थाबद्दलही नानांचं मत ठाम आहे. वैष्णवांचे आखाडे रामकुंडावर, शैवांचे त्र्यंबकेश्वरी, हे जसं ठरलेलं, तसंच मंडळींचंही कोण कुठल्या घाटावर हे ठरवून झालेलं असणार. “एवढ्या गर्दीत यादी केल्याशिवाय काम होतं का?” महापालिकेबद्दल ते इतक्या विश्वासानं बोलत नाहीत.

सरकारनंही अलीकडे नानांना उत्तेजन द्यायचंच ठरवलेलं दिसतं. १९९९ चा मकोका संघटित गुन्हेगारीसाठीच. त्यात टोळी व्हायला किती माणसं लागतात? दोन. आमच्या गल्लीतल्या मंडळाला संस्था म्हणून नोंदणी करायची होती तर १८६० च्या कायद्यानं सात सह्या मागितल्या. सातवा मिळेना म्हणून तो अर्ज अजून पडून आहे. त्यावर जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात ११२ व्या कलमात छोट्या संघटित गुन्ह्यांची निराळी सोय आहे: टोळीनं केलेली पाकीटमारी, हिसकाहिसकी, दुकानातली उचलेगिरी, तिकिटांचा काळाबाजार, परीक्षेच्या पेपरांची विक्री. शिक्षा एक ते सात वर्षं. नानांनी ती बातमी कापून ठेवली आहे. अंबड-सातपूरच्या लघुउद्योगांना जशी मान्यता मिळाली तशी ही मिळाली, असा त्यांचा समज आहे आणि मी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

एकदा मात्र मी त्यांना मुद्दाम जोनाथन वाइल्डची गोष्ट सांगितली. तीनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा माणूस. लोक चोरीला गेलेल्या वस्तूंची चौकशी घेऊन त्याच्या कचेरीत यायचे, आणि थोडे पैसे घेऊन तो वस्तू परत मिळवून द्यायचा. मिळवून द्यायला त्रास कसला? चोर त्याचेच होते. १७२५ साली त्याला टायबर्नला फाशी दिलं. नाना लक्ष देऊन ऐकत होते.

“पैसे घ्यायचा ना?” ते म्हणाले. “तिथंच चुकलं.”

नाना एक पैसा घेत नाहीत, हे खरं आहे. आणि त्यांच्याकडे गेलेल्यांना कधीमधी वस्तू परत मिळते, हेही खरं आहे. ती नेमकी तीच वस्तू असते असं नाही. मिक्सरचं भांडं परत येतं त्यावर झाकण दुसऱ्या कंपनीचं. सायकल येते ती पोराची गेलेली, पोरीची परत आलेली. मला हे कोडं उलगडलं ते गंगेवर, म्हणजे गोदेवर. बुधवारी गोदाघाटावर आठवडी बाजार भरतो. एका कडेला जुनी भांडीकुंडी मांडून एक बाई बसली होती आणि तिच्यासमोर उकिडवे बसून नाना घासाघीस करत होते. “कुकरची रिंग नवी आहे का?” त्यांनी मला पाहिलं नाही. मी भाजीच्या बाजूनं निघून आलो.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा तांब्या गेला तो गॅलरीतून. तांब्याचा, माहेरचा, तांबट आळीत घडवलेला. त्यावर ‘आईकडून, १९७४’ असं घातलेलं. नाना सोमवारी म्हणाले संध्याकाळपर्यंत, आणि बुधवारी संध्याकाळी तांब्या आला. काकूंनी तो फिरवून फिरवून पाहिला. मी तिथेच होतो.

“नाना, हा आमचा नव्हे. ह्यावर ‘मामा-मामींकडून सप्रेम भेट, १२-५-१९८१’ असं आहे.”

नाना जराही चळले नाहीत. “नाव बदललंय. माल बाहेर काढण्यापूर्वी आधीचं घासून दुसरं घालतात. त्यांचा खोदणारा ठेवलेला असतो.”

“पण मामा कशाला?”

“मामा सगळ्यांनाच असतो. संशय येत नाही.”

काकूंनी हातात वजन घेतलं. “आमचा ह्याहून जड होता.”

“घासताना तेवढं तांबं जायचंच.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी तांब्या चिंच लावून लख्ख घासला, आणि दुसऱ्या दिवशी नानांकडे पुरणपोळ्या पाठवल्या. महिन्याची अखेर होती आणि पेन्शन जमा व्हायला अवकाश होता, हे नानींशी रोज बोलणाऱ्या काकूंना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पुढे संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकू होतं. देवळाली कॅम्पहून त्यांच्या लांबच्या नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. पाणी घेताना त्यांचा हात तांब्यावर थबकला. “अगं, हा माझा! माझ्या मामांनी लग्नात दिलेला! दिवाळीत अंगणातून गेला माझा!” सगळ्या बायका वळून काकूंकडे बघायला लागल्या. काकू नानींकडे बघायला लागल्या. नानींनी खिडकीतून खाली हाक मारली, “अहो, जरा वर या.”

नाना आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी मनातल्या मनात माणसं मोजत होतो: घाटावरची बाई, नाना, काकू. कायद्याला दोन पुरतात.

“मिळेल तुमचा तांब्या,” नाना पाहुण्या बाईंना म्हणाले.

“मिळेल काय? हा काय समोर आहे!”

“असा उचलून नेता येत नाही, ताई. एकदा मालाची वाटणी झाली की वर विचारावं लागतं. बसा तुम्ही. तिळगूळ घ्या.” त्यांनी तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळला, काखेत मारला आणि जिना उतरून गेले. गॅलरीतून मला ते स्पष्ट दिसत होते. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांनी एक कटिंग घेतला, पेपर वाचला, एका ओळखीच्याशी बोलले, आणि अर्ध्या तासानं घाम पुसत वर आले.

“त्रास झाला थोडा. पण दिला त्यांनी.”

पाहुण्या बाईंनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. “काही पैसे-बिसे?”

“छे. फक्त म्हणाले, अंगणात ठेवत जाऊ नका.”

काकू इतका वेळ गप्प होत्या. “नाना,” त्या म्हणाल्या, “आणि माझा?”

नानांनी चष्मा पुसला. “तुमचं बुधवारी बघतो.”